नैरोबीच्या वाटेवरचं नाव

पौष शुद्ध ३, शके १८५९

कचेरीचा शिपाई दारात! आधी वाटलं, कुंडलिकचं काही बरंवाईट... तो म्हणाला, "म्हातारे, घाबरू नको. सुनेला घेऊन वेल्ह्याला यायचंय. मामलेदारसायबाचा हुकूम."

कुंडलिक नैरोबीला, रेल्वेच्या कारखान्यात फिटर. आता तिथं कायम झाला. बायकोला कायम राहू द्या, तिचा हमीदार मी, असा अर्ज त्यानं तिथल्या सरकारकडे केला आहे. पण तिथं आपली माणसं परकी. चंद्रा त्याची लग्नाचीच बायको आहे, असं इथल्या मामलेदारानं लिहून दिलं तरच तिला घेणार. चौकशी का, तर काहीजण भलतीच बाई बायको म्हणून बोटीत चढवतात म्हणे.

लग्न आमच्या विंझरच्या अंगणात लागलं. अंतरपाट, अक्षता, वाजंत्री. त्याचा कागद कुठून आणू?

पौष शुद्ध ५

कुंडलिकनं पाटलांकडे निरोप धाडलाय — म्हैस कुणाकडे ठेवता येईल? वावर कुणी अर्धेलीनं, निम्म्या वाट्यानं करील का?

मी असताना म्हशीची काळजी कशाला? वावर मोडायचं मनात आहे का त्याच्या? की मी आता फार दिवसांची नाही असं कुणी कळवलं?

चंद्रा म्हणते, "आत्याबाई, तुमी उगं काय बी मनात आणता. म्हशीची धार काढायची ऱ्हायलीया, बगा जावा."

पौष शुद्ध ७

वेल्ह्याहून पाय ओढत आले. सगळं बिघडलं.

पाटील आले होते साक्षीला. गेनबा पाटील — त्यांनीच लग्नात मधे उभं राहून अक्षता वाटल्या होत्या. त्यांचा जबाब नीट झाला. मग कारकुनानं चंद्राला विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

ती गप्प. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी.

"नाव सांगा बाई!"

पाटील म्हणाले, "रावसायेब, आमच्यात बायामाणसं मालकाचं नाव घेत न्हाईत."

कारकून म्हणाला, "मला शिकवता काय? माझीही बायको घेत नाही. पण हे वाचणार तिकडचा गोरा साहेब. तो म्हणेल, हिला नवऱ्याचं नाव ठाऊक नाही, म्हणजे ही त्याची बायकोच नव्हे!"

मी सांगते म्हटलं तर — "तुम्ही नाही. तिच्याच तोंडून."

मामलेदारसाहेब रागावले नाहीत. संक्रांतीनंतरची तारीख दिली. ती शेवटची. तेव्हाही बोलली नाही, तर 'सांगत नाही' एवढंच लिहून पाठवणार.

वाटेत तिला बोलले, फार बोलले. ती रडत म्हणाली, "ते समुद्रापल्याड हायेत. त्यांचं नाव घेतलं आन् तिकडं काय झालं तर? तुमी घेतलं असतं का?"

कुंडलिकचे वडील लढाईत बोटीनं बसऱ्याला गेले ते परत आले नाहीत. वीस वर्षं होऊन गेली. त्यांचं नाव मी अजूनही तोंडातून काढलेलं नाही.

पौष शुद्ध ८

खरं लिहिते. चंद्रा गप्प उभी राहिली तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. नाही जाणार, माझ्याजवळच राहील! मग माझीच मला भीती वाटली.

पौष शुद्ध १०

भाकरी करपली. तव्यावर टाकली नि विसरून गेले.

संक्रांत

शेजारच्या साळूबाईकडे हळदीकुंकू. मी कशी जाणार? पण तिच्या ओट्याखाली बसून शेंगा सोलत होते. आत बायांचा गलका. चंद्राला धरलं सगळ्यांनी. "नाव घे! नाव घे! न्हाईतर वाण न्हाई मिळायचं!"

आणि तिनं घेतलं की! खणखणीत —

"तोरण्याच्या कड्यावर ऊन पडलं तांबडं,
कुंडलिकराव परमुलखात, मला उठवतं कोंबडं!"

बाया फिदीफिदी हसल्या. साळूबाई म्हणाली, "कोंबडं काप आन् जा की मग नवऱ्याकडं!"

माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. उखाण्यात घेतलं तर चालतं! मग कचेरीतही उखाणाच घ्यावा.

तिला सांगितलं तर तोंडाला पदर लावून बसली. "कचेरीत? गड्यांच्या म्होरं? मरून जाईन मी!" साळूबाई म्हणते, "जाताना तीळगूळ ने, मामलेदार बी गोड बोलंल."

उखाणा विधवेला नाही. हे आज ओट्याखाली बसल्यावरच कळलं मला. बायका नवऱ्याचं नाव त्यात गुंडाळून घेतात. माझ्याजवळ गुंडाळायलाही काही उरलं नाही.

पौष वद्य ५

उद्या तारीख. चंद्रा शेवटी तयार झाली; गोठ्यात म्हशीपुढे उभी राहून उखाणा म्हणून बघते. म्हैस मान हलवते. मला हसू येतं.

पौष वद्य ६

घेतलं! डोळे मिटून घेतलं, एका दमात. कारकुनाचा टाक हवेतच थांबला. बाहेरचा शिपाई दारातून डोकावला. मामलेदारसाहेब मिशीत हसले. "कारकून, नाव लिहा. कोंबडं राहू द्या."

कारकून म्हणाला, "बाई, परत एकदा, सावकाश."

चंद्रा म्हणाली, "येकदाच घेत्यात."

मी देवीला हात जोडत होते, तोच साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही मुलाच्या आई ना? तुमचा जबाब वद्य दशमीला. त्या दिवशी या."

माझा जबाब? कशासाठी? पाटलांकडे बघितलं, तर ते एकदम टोपी झटकायला लागले!

पौष वद्य ७

मी काय केलं? वावराबद्दल विचारतील का? कुंडलिक माझा नाही असं कुणी सांगितलं का? चंद्राचं जमलं, आता माझ्यामुळे मोडणार...

पौष वद्य ८

सकाळी पाटलांच्या दारातच जाऊन बसले. सांगितल्याशिवाय उठत नाही म्हटलं.

पाटील खाली बघत म्हणाले, "वैनी, कुंडलिकाच्या अर्जात दोघी हायेत. बायकू आन् आई. मला बजावलं व्हतं, आईला आधी सांगू नका, न्हाईच म्हणंल."

म्हैस. वावर. म्हणून विचारत होता!

घरी आले नि उंबऱ्यातच बसले. त्याच समुद्रावरून कुंडलिकचे वडील गेले. बोटीची भीती नाही म्हणू कशी? बांधावर आंब्याखाली त्यांच्या नावाचा धोंडा आहे. अवसेला तिथं दिवा कोण लावणार? नैरोबीत मला कोण ओळखणार? मेले तर कुठं?

चंद्रा चुलीपुढून म्हणाली, "तुमी न्हाई तर मी बी न्हाई. म्या कुनासंगं भांडू तिथं?"

साळूबाई येऊन गेली. म्हशीचे दात बघितले, कास बघितली. दिव्याचं मी काही बोलले नव्हते. तीच म्हणाली, "अवसेला दिवा मी लावीन. तुज्या मालकाला सांगून ठेव."

पौष वद्य ९

उद्या जबाब. कारकून मलाही विचारणार, नवऱ्याचं नाव. उखाणा नाही, नुसतंच घ्यायचं. तिथं जीभ अडली तर?

आधी इथं घेऊन बघते.

चिमाजी.