टर्शिया या नावाचा अर्थ

बाबुपेठ, चंद्रपूर
मंगळवार, दि. १४ ऑक्टोबर २०२५, दुपारी ३ वाजून २० मिनिटं

प्रिय रंभाबाई,
नमस्कार. आता झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. धाकटीच्या जन्मदाखल्यात नाव चढवायचा अर्ज भरत बसलो होतो. तारीख, आईचं नाव, सगळं तीनदा तपासलं. मुलीच्या नावाची चौकट कोरी ठेवून हे पत्र लिहायला घेतलं.

नीलिमा बरी आहे. मोठ्या दोघी शाळेत जातात. तिकडे धान लोंबीवर आलं असेल. हे पत्र तूच वाच, तुझ्या मुलाला, अजयला वाचायला देऊ नको. म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

बारशाला टर्शिया हे लॅटिन नाव ऐकून तू विचारलंस, "काऊन रे, लॅटिन म्हंजे कुठचं?" मी म्हणालो, जुन्या रोमचं, अर्थ पहाटेचा तारा. तू हसलीस. "घ्या बायांनो, माह्या भाचीचं नाव विमानानं आलं!" मग आत्याच्या मानानं पाळण्यात वाकून ते नाव तिच्या कानात सांगितलंस. पुढे शेतात धानाच्या रोवणीला आलेल्या बायांनाही सांगत सुटलीस. अजयकडून नावाची अक्षरं काढून घेऊन ती गोधडीवर दोऱ्यानं भरलीस. त्याच गोधडीत ती झोपते.

बाई, टर्शिया म्हणजे तारा नाही.

दवाखान्यात नर्स म्हणाली, "तिसरीही मुलगीच." मी बाळाकडे पाहिलं नाही. बाहेर बाकावर बसून मोबाईलवर नावं शोधली. जुन्या रोममध्ये काही घरांत मुलींना क्रमानं नावं देत. टर्शिया म्हणजे तिसरी. माझा राग कुणाला कळणार नाही असं नाव मला सापडलं. अर्थ मला तेव्हाच माहीत होता. चुकून झालं असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला.

तू आईची चौथी मुलगी, म्हणून आजोबा तुला 'पुरे' अशी हाक मारायचे. शाळेत नाव घालताना तूच गुरुजींना म्हणालीस, "रंभा लिवा." ही गोष्ट मी मुलींना कौतुकानं सांगतो. आणि तुझ्याच तोंडून तिच्या कानात मी हे घातलं.

काल नीलिमाला सांगितलं. ती म्हणाली, "मले काय सांगता? बाईले सांगा."

अर्ज शुक्रवारपर्यंत थांबवतो. दुसरं नाव मी निवडणार नाही. तू ये, तूच ठरव आणि तिच्या कानात सांग. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. मी बाहेर उभा राहीन. अर्जात काय लिहायचं ते नीलिमा मला सांगेल.

तुझा भाऊ म्हणवायला आज तोंड नाही, म्हणून फक्त

तिचा बाप,
प्रफुल