न कापलेली पानं

सोमवार, ३ मार्च १९५८. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

नव्या खोलीतल्या टेबलाच्या डगमगत्या पायाखाली पुठ्ठा सारत होतो. आता टेबल हलत नाही, म्हणून पहिली नोंद लिहायला घेतली.

नोकरी मिळाली! आंधळ्या पाळकसाहेबांना रोज दुपारी तीन ते पाच या वेळात जुनी ख्रिस्ती पुस्तकं वाचून दाखवायची, राहायला त्यांच्याच घरात वरची ही खोली. शाळा सातवीतच सुटली, हे मी आधीच सांगून टाकलं. ते हसून म्हणाले, की त्यांना जीभ हवी आहे, दाखला नको. घरात तिघंच: पाळकसाहेब, त्यांची मुलगी, जिला सगळे बाई म्हणतात, आणि सुतारमामा. मामा पुस्तकांची कपाटं नीट ठेवतात आणि इथंच राहतात. माझी ट्रंक उचलताना त्यांनी विचारलं, की आत विटा भरल्या आहेत का. शब्दकोश आहे, म्हटल्यावर बाईंनी टोमणा मारला, की मग ताटात शब्दच वाढते.

फार वर्षांपूर्वी मंडळीनं पाळकसाहेबांना पदावरून काढलं, असं ते स्वतःच म्हणाले. कारण मी विचारलं नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी नसत्या चौकशा कशाला?

बुधवार, ५ मार्च.

इतका आनंद मला कधी झाला नव्हता. काल खलाशांसाठी लिहिलेल्या प्रार्थना वाचल्या, आज एका पाळकानं आजारी बहिणीला लिहिलेली धीराची पत्रं. लिहिणाऱ्याला जाऊन दोनशे वर्षं झाली, पण तो माझ्याच उशाशी बसून कपाळावर हात ठेवतो आहे असं वाटलं. एका पत्रात डोळे पुसायला थांबलो. पाळकसाहेब थांबले, घाई केली नाही.

शेवटी रक्तसाक्ष्यांचं जाडं पुस्तक काढलं. विश्वासासाठी जीव देणाऱ्यांच्या त्यात चोवीस गोष्टी आहेत. छापखान्यातून आलं तसंच आहे. पानांच्या कडा एकमेकींना जोडलेल्या, हाडाच्या सुरीनं कापाव्या लागतात. एका घडीत एक गोष्ट. वीस उघडलेल्या होत्या. नियम कडक: आज वाचायची तेवढीच कापायची. एकविसावी मी कापली. तळहात दाराला खिळलेल्या एका कोळ्याची गोष्ट. काय भाषा आहे! कापलेल्या कागदाचा वासही गोड लागतो.

शनिवार, ८ मार्च.

सुतारमामांच्या डाव्या हाताला भलंमोठं बँडेज. पटाशी निसटली, म्हणाले. जखम मात्र तळव्यातून आरपार आहे. मी हळहळलो, तर त्यांनीच माझी पाठ थोपटली आणि माझं वाचन झकास असल्याचं सांगितलं. मागच्या दाराला मधोमध एक नवं भोक आहे. उगाच मोजलं: माझ्या छातीच्या उंचीवर.

मंगळवार, ११ मार्च.

एक चूक केली, ती लिहून ठेवतो. घरात सगळे झोपले होते, दुपारचे अडीच. एकविसावीनंतर ते जाडं पुस्तक पुन्हा काढलंच नव्हतं; पुढे काय असेल या विचारानं दोन दिवस जेवण गोड लागत नव्हतं. सुरी घेतली आणि उरलेल्या तिन्ही घड्या कापल्या. वाचल्या नाहीत, तीनची वेळ होत आली होती. पुस्तक जागेवर ठेवलं. कोणाला कळणार?

बुधवार, १२ मार्च.

कळलं. पाळकसाहेबांनी कडांवरून बोट फिरवलं आणि थांबले. किती, विचारलं. तीन, म्हणालो. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी बाईंना जवळ बोलावून शांतपणे सांगितलं, की तीन उघडल्या आहेत आणि मामांची साक्ष झालेली आहे, म्हणजे बरोबर आपण तिघं उरलो.

मग मला समजावलं. उघडलेली गोष्ट या घरात नुसती वाचून सोडत नाहीत. कोणीतरी ती अंगावर घेतो. मंडळीनं काढलं ते यासाठीच. मागच्या वीस गोष्टी पुन्हा पाहिल्या. प्रत्येकीखाली अंगठ्याचा तपकिरी ठसा. मला चहाचे डाग वाटले होते.

फाटकाला कुलूप आहे.

गुरुवार, १३ मार्च.

बाविसावी गोष्ट एका विधवेची. तापल्या लोखंडाची. बाईंनी सांडशी स्वतःच मामांच्या हातात दिली. मला सांगितलं, की वाचन अडखळलं तर पुन्हा पहिल्या ओळीपासून, लोखंडही पुन्हा. म्हणून अडखळलो नाही. एक गाल, दुसरा गाल, मग ओठ. वास अजून नाकात आहे. त्या गात होत्या, मग नुसता घोगरा आवाज.

खोटं कशाला लिहू? आयुष्यात इतकं चांगलं मी कधी वाचलं नव्हतं.

शुक्रवार, १४ मार्च.

तेविसावी. म्हातारा बिशप, लाकडी मोगरी. गोष्टीत एकोणीस घाव आहेत. मामा एका हातानं मारत होते. सहाव्याला जबडा — अकराव्याला पाळकसाहेब गेले. उरलेले आठही मारले. मी शेवटपर्यंत वाचलं.

मामा धापा टाकत भिंतीशी बसले. किल्ल्या जमिनीवर, रक्तात. उचलल्या. फाटक उघडलं. रस्ता समोर होता, एक सायकलवाला गेला, त्यानं मान हलवून नमस्कारही केला —

पुस्तक बगलेत होतं. का घेतलं, माहीत नाही. चोविसावी वाचायची राहिली होती. फक्त पहिली ओळ, असं ठरवून पायरीवर बसलो. पहिली ओळ इतकी सुंदर —

खांद्यावर बाईंचा हात पडला तेव्हा दुसरं पान चालू होतं.

शनिवार, १५ मार्च. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं.

चोविसावी एका लेखनिकाची. शास्त्राच्या प्रती उतरवायचा. आधी उजवा हात, मनगटातून. मग —

पुढचं पानही वाचलं. लिहीत नाही.

खाली सहाणेवर कुऱ्हाड घासताहेत. मोठ्यानं कोण वाचणार, हे बाई जळक्या ओठांनी विचारत होत्या. मीच, म्हणालो. ती दुसऱ्या कोणाच्या तोंडून मला ऐकवणार नाही.

हात आहे तोवर हिशेब मांडून ठेवतो, सगळा आण्यांत. मागे कोणाचं राहू नये.

खर्च: वही, बारा. शाई, नऊ. प्रवास, चाळीस.
देणं: थोरल्या बहिणीचे पंच्याहत्तर. बाईंकडून साबणाला घेतलेले तीन —

जिन्यावर पावलं. एकूण एकशे एकोण