गाडीतली डावी पुडी

सोम., १२ जाने.
नानांनी, माझ्या वडिलांनी, मृदंग कपाटावर चढवला त्याला वर्ष झालं. खोळीत गुंडाळलेला. मी खालूनच फडकं मारते, काढत नाही. धुळ्याला मंडळात एकादशीच्या भजनात त्यांचा ताल चुकला, टाळवाले थांबले, कुणी काही बोललं नाही. न बोलणंच लागलं त्यांना. मग जळगावला माझ्याकडे आले ते राहिलेच. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून सुपारीच्या डबीत.

आज कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक, चढे आवाज गेलेत. खालचे, घुमणारे थोडे शिल्लक आहेत. येताना वरातीची डीजे गाडी शेजारून गेली. मी काच वर केली. नानांनी काचेवर तळहात ठेवला, आणि वरात वळेपर्यंत काढला नाही.

गुरु., १५ जाने.
भाच्यानं पुण्याला जाताना गाडी विकली. तिच्यातली, खालचा घुमणारा आवाज काढणाऱ्या दोन वूफरची पेटी आमच्या जिन्याखाली पडलेली, वर माझ्या लोणच्याच्या बरण्या. आज बरण्या उतरवल्या. अ‍ॅम्प्लिफायर धुळ्याहून जुना मिळाला.

वि. म्हणाला, ‘बावीस वर्षं संसार केला, रोज टीव्हीचा आवाज कमी करायला लावलास. आता वरातीच्या सुपाऱ्या घेणार का?’ म्हणाला खरा, पण मंडळाच्या जुन्या कॅसेटी त्यानंच पेन ड्राइव्हवर उतरवून दिल्या. त्यात मृदंगावर नाना आहेत.

नानांना सांगितलं नाही. नको म्हणतील.

रवि., १८ जाने.
दोघांनी मिळून आमच्या गाडीच्या डिकीत जोडलं. पाच मिनिटं वाजलं, मग अ‍ॅम्पवर लाल दिवा आणि सगळं गप्प. अ‍ॅम्प इस्त्रीसारखा तापलेला.

मेहरूणच्या रस्त्यावर हिरामणभाऊ गाड्यांत टेप बसवतात, त्यांच्याकडे नेली. हसले नाहीत, हे विशेष. म्हणाले, ‘ताई, वॅट सगळे वाचतात, ओहम कोणी वाचत नाही.’ दोन्ही वूफरचा रोध चार-चार ओहम. आम्ही शेजारी शेजारी, समांतर जोडले, ते मिळून दोनच झाले. हा अ‍ॅम्प या जोडणीत चारच्या खाली चालत नाही. एकामागे एक जोडले की आठ होतील. आवाज थोडा कमी, पण अ‍ॅम्प थंड राहील.

आणखी: बॅटरीची तार जाड हवी, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. अर्थिंग रंग खरवडून, उघड्या पत्र्याला. आम्ही रंगावरच पिळलं होतं. ते बसवून देतो म्हणत होते. मी म्हटलं, मीच करते.

बुध., २१ जाने.
केलं. फ्यूज, पत्रा, एकामागे एक. हाताला चिरा पडल्यात. लाल दिवा नाही. पण घुमतही नाही.

वि. म्हणे, ‘याच्यापेक्षा माझं पोट बरं घुमतं.’

गेनचा नॉब वाढवत गेले. आवाज नुसता फाटायला लागला. तेव्हा आई आठवली. दर गुरुवारी नाना स्वयंपाकघराच्या दारात उभे: मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक दे, बिनमिठाची. ओली कणीक थापली की डावी बाजू घुमते. एकदा आईनं रागानं भला मोठा गोळा दिला, त्यांनी तो सगळा लावला, आणि पुडी मुकी झाली. मग नखानं खरवडत बसले. आई कितीतरी दिवस हसत होती.

नॉब पुन्हा खाली आणला.

रवि., २५ जाने.
नानांना फिरायला म्हणून धुळ्याच्या रस्त्याला काढलं. मागे बसले. पेन ड्राइव्हवरचं भजन लावलं. एरंडोलपर्यंत अक्षर नाही. मला वाटलं, फुकट गेलं सगळं.

मग म्हणाले, थांबव. उतरले, डिकी उघडायला लावली. दोन्ही वूफरवर एकेक तळहात ठेवून उभे राहिले, डोळे मिटून. ट्रकवाले बघत जात होते.

‘येक पुढे जास तव्हय दुसरा मांगे जास. दोन्ही येकमेकले खाई राह्यनात.’

मग विचारलं, वाजवतंय कोण. मी कानाशी जाऊन सांगितलं, नाना, तुम्हीच.

‘मी इतला हलका हात कधी लावा?’

रुसून गाडीत जाऊन बसले. मला मात्र हसू येत होतं, आणि डोळ्यांत पाणीही.

मंगळ., २७ जाने.
हिरामणभाऊंनी अ‍ॅम्पच्या तारा सोडवून पेन्सिल सेल दोन्ही वूफरना आळीपाळीनं टेकवला. एकाचा पडदा बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. बुधवारी मीच एकाच्या अधिक-उण्याच्या तारा उलट लावल्या होत्या. अगदी नानांनी सांगितलं तसं. कुणी ओळखलं, विचारत होते. वडिलांनी, म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही. सेल हातात तसाच धरून उभे राहिले. म्हणाले, ‘त्यांना एकदा दुकानावर आणा.’

तार मी फिरवली. त्यांनी फक्त बघितलं.

शुक्र., ३० जाने.
पुन्हा तोच रस्ता, तेच भजन. नानांनी चपला काढल्या, पावलं गाडीच्या तळाला सपाट टेकवली. पाळधीच्या पुढे मला माझ्याच सीटमधून डावी पुडी कळायला लागली, पाठीत. आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. डावा हात गुडघ्यावर पडत होता. समेवर. प्रत्येक समेवर. एकदा फक्त चुकला, तेव्हा मान हलवून स्वतःच पुन्हा धरला. कुणी थांबलं नाही.

‘आते बरोबर शे,’ एवढंच म्हणाले.

संध्याकाळी पोळ्यांची कणीक मळत होते. दारात येऊन उभे राहिले. ‘माय, मीठ टाकं का?’ टाकलं, म्हटलं. मान हलवून गेले.

छोटा गोळा वेगळा मळला, बिनमिठाचा. ओट्यावर वाटीखाली झाकून ठेवलाय. मृदंग अजून कपाटावरच आहे. मी काढून देणार नाही, विचारणारही नाही. पण स्वयंपाकघरातलं स्टूल जागेवर दिसत नाही. वि. म्हणतो, त्यानं नेलं नाही.

आतल्या खोलीत काहीतरी सरकल्याचा आवाज. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. लिहिणं ठेवते, धरायला जायला हवं