फणसावरच्या गांधीलमाश्या आणि आक्काचा झोका

उचगाव,
आषाढ वद्य दशमी

तीर्थस्वरूप आक्कास,

परशरामचा वाकून नमस्कार. (वाकता येतं, फक्त उजवा डोळा उघडत नाही. कारण पुढे येईल.) तुझा नवा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला? इकडे तुझी भावजय मालू आणि म्हैस दोघी ठणठणीत. पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. परवाही “झोका न्हाय तर पंचमी कसली रं? येत न्हाय मी, जा!” म्हणून ठेवून दिलास. तेव्हा फणसाला यंदा झोका का नाही, ते सविस्तर ऐक.

चैत्रात एकच गांधीलमाशी आली. रोज सकाळी गोठ्यातल्या जुन्या कुळवाच्या दांड्यावर बसून करकर लाकूड खरवडायची, चावून लगदा करायची आणि फणसावर नेऊन लिंपायची. (आवाज ऐकू येतो, आक्का! मी चहा घेऊन शेजारी बसायचो.) पोळं लिंबाएवढं झालं तेव्हा मालू म्हणाली, काढून टाका. मला वाटलं, एकटी बाईमाणूस, किती वाढवेल? आता ते घागरीएवढं आहे, दारात दोघी डोकी बाहेर काढून पहारा करतात, आणि कुळवाचा करडा पट्टा कुठला नि वाळक्या फणसाचा तांबूस कुठला, हे मी खालून ओळखतो. मालूच्या घेवड्यावरच्या अळ्या त्या उचलून नेतात, म्हणून तीही फितूर झाली. रोज खालून धुणं घेऊन जाते, तिला काही करत नाहीत. (मला वाटतं, घाबरतात.)

तरी तुझ्यासाठी शेजारच्या भावकूला शेणकुटांचा धूर करायला बोलावलं. धूर त्याने केला, चावल्या मला. तेव्हा झोका नाही, पण लाह्या फोडल्यात, तू ये.

तुझा,
परशराम

ता.क. भावकू गेले तीन आठवडे कणकुंबीला लेकीकडे आहे. धूरबीर कुणी केला नाही. तुझ्या नागेंद्रचा फोन आलता, “मामा, उभ्यानं झोका घ्यायचा न्हाय म्हणून डॉक्टरनं सांगितलंय. आई बसून घेणार व्हय? तुम्ही झोकाच बांधू नका.” आक्का, आई गेल्यावर मला मांडीवर घेऊन त्याच फांदीवर झोका देणारी तू. तुला कुठल्या तोंडाने नको म्हणू? वर बघितलं, तर माश्या दिसल्या.

आणखी ता.क. पोळं तुझ्या झोक्याच्या फांदीवर नाही, पलीकडच्या फांदीवर आहे. परवा फोनवर माश्यांचं निमित्त सांगितलं, ते खोटं पचेना, म्हणून काल दोर बांधून स्वतःच बसून पाहिलं. हळू झोक्याला त्या ढुंकूनही बघत नाहीत. मग उभा राहून उंच घेतला, सगळं झाड हललं आणि त्यांनी डोळा सुजवला. म्हणजे डॉक्टरचं आणि त्यांचं मत एकच आहे. दोर सोडलेला नाही. तू बसायचं, आणि हळू. यंदा झोका मी देतो.