धक्क्यावरची शेवंती

१२ ऑक्टोबर १९९९
आज कोपरला पोपटशेठच्या गेमच्या दुकानात कामाला लागली. झाडू, चहा, पोरांच्या चपला लाइनीत लावणं. दुकान थंडगार, मला तर राणीसारखं वाटलं. शेठ ढेरपोट्या, पायात बगळ्यासारखे पांढरे बूट. मला ओळखत नाही. बरंच आहे. याच्याच फुटक्या होडीतून रेती काढताना माझा नवरा दामाजी बाळकुमच्या खाडीत बुडाला. शेठने पोलिसांना सांगितलेलं, दारू पिऊन पडला. दामाजीने जन्मात दारू शिवली नाही. म्हणून मुद्दाम इथंच काम धरलं. पुढचं ठरायचंय, तोवर त्याच्या चहात साखर कमी.

१९ ऑक्टोबर
इथं पोरं दिवसभर कॉम्प्युटरवर राजे होतात. लाकडं तोडायची, शेतं लावायची, मग शेजाऱ्याचा किल्ला पाडायचा. गेम विलायती. दुकान सांभाळणारा सहदेव त्यात आपल्याकडची माणसं, गलबतं घालतो. मॉड बोलतात त्याला. मी बोलली, अरे सहदेवा, तुझ्या मावळ्याला खाली अजून विलायती चड्डीच आहे! लाजला बिचारा. मग बोलला, काकी, तुमचं जुनं बाळकुम सांगा, तेच बनवतो.

२ नोव्हेंबर
झालं बाळकुम! खाडी, मिठागर, आमचं घर. होडीत दामाजी. शेठला वाड्यात बसवला, ढेरी अजून फुगव बोलली. सहदेव हसून लोळला. आणि हट्टाने धक्क्यावर एक बाई उभी करायला लावली. आमच्यात होडीतून उतरणाऱ्याच्या पायावर घरची बाई मान खाली घालून तांब्याभर पाणी घालते. तेव्हाच तो घरात आला म्हणायचा. दामाजी बुडाला त्या दिवशी मी तांब्या घेऊन उभीच राहिलेली. सहदेवने बाईचं नाव विचारलं. शेवंती लिही, माझंच नाव, बोलली. माझ्या नवऱ्यासाठी दुसरी कशाला?

५ नोव्हेंबर
सहदेव घाबरलाय. कोणी हात न लावता होडी शेठच्या वाड्याकडे सरकते बोलतो. सरकू दे की, मी बोलली. शेठ आज खोकत आलेला. रुमालात काळा चिखल. शेठ, खाडीत डुबकी मारली काय, विचारलं मी. थोबाड पांढरं पडलं, बुटासारखं.

८ नोव्हेंबर
होडी वाड्याला लागली. दुपारी शेठ खुर्चीतच कोसळला. नाकातोंडातून खारं पाणी. मी वाकून माझं नाव सांगितलं, कोणाची बायको तेही. डोळे फाडून बोलला, होडी फुटकी होती, माहीत होतं मला. पण तू हसू नकोस.
हसली मी. शेठ तिथंच गेला. घरी येऊन शिरा केला.

९ नोव्हेंबर
सहदेवने गेम पुसला, सीडी मोडली. तरी पडद्यावर बाळकुम येतंच. वाडा रिकामा. होडी फिरलीय— धक्क्याकडे. तिथली शेवंती तांब्या घेऊन उभी. सहदेव खडवलीला पळाला, मामाकडे.

१० नोव्हेंबर
घरात चिखलाचा वास. जिन्यात वल्ह्याचा आवाज, पाणी कापल्यासारखा— तिसऱ्या माळ्यावर पाणी कुठलं—
दामाजीच असणार. दुसरं कोण येईल? पण घाम का फुटतो मला—

११ नोव्हेंबर
कडी वाजली. तांब्या हातात होता, कधी उचलला—
दार उघडलं. जिन्यात काळोख. मान खाली. घातलं पाणी पायावर. आत या बोलली.
तो आत आलाय. मागे उभा आहे, मी लिहिते तिथं. फरशीवर ओले ठसे—
दामाजी अनवाणी जायचा.
हे ठसे बुटाचे— पांढरे बू