शिंगवाल्या डोक्याची डबी

सोमवार, १० ऑक्टोबर १९९४

खोटं! साफ खोटं! आणि तेही काचेच्या कपाटात, वर दिवा लावून!

डिसेंबरात गावच्या संग्रहालयात आमच्या पेपरमिंटच्या गोळ्यांचं आणि त्यांच्या डब्यांचं प्रदर्शन भरणार आहे. कारखान्यातल्या जुन्या बायकांना आधी बघायला बोलावलं होतं. मी नऊ वर्षं पाकिटं भरली तिथे, म्हणून मलाही बोलावणं. गेले. मांडणी छान केली आहे, नाही म्हणणार नाही. सिगारेट सोडू बघणाऱ्या पुरुषांसाठीच्या पहिल्या गोल पत्र्याच्या डब्या. मग लायटरसारख्या लांबट — अंगठ्याने झाकण उडवायचं, गोळी बाहेर. मग अमेरिकेतल्या पोरांसाठी काढलेल्या, डोक्यावाल्या. मान मागे पाडली की गळ्यातून गोळी येते.

आणि शेवटच्या कपाटात क्राम्पुस. काळा, लाल जिभेचा, दोन शिंगांचा. खाली कार्ड — ‘१९५७. शिल्पकार : इंजिनियर लेओपोल्ड श्वाइगर.’

लेओ! माझा नवरा! ज्याला बटाट्याचं साल धड काढता येत नव्हतं!

मी तिथेच ओरडले. संग्रहालयाचे प्रमुख, मॅजिस्टर लाक्नर, धावत आले — “काय झालं इंजिनियरीणबाई? चक्कर आली का?” मी म्हटलं, चक्कर नाही आली, राग आलाय. हे डोकं मी कोरलंय. ते हसले. खुर्ची आणा म्हणाले.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

झोप नाही. डोकं तापलेलं.

एकदा नीट लिहून टाकते. सत्तावन्नच्या हिवाळ्यात लेओ म्हणाला, साहेबांना डिसेंबरातल्या निकोलोच्या सणासाठी काहीतरी नवीन हवंय. मी म्हटलं, निकोलोबाबा कोणीही करेल, त्याच्याबरोबर पोरांना घाबरवत येतो तो क्राम्पुस करा. स्वयंपाकघराच्या टेबलावर नाशपतीच्या लाकडात मी कोरलं ते डोकं. अकरा दिवस लागले. माहेरच्या दारावर टांगलेला बाबांचा क्राम्पुसचा मुखवटा डोळ्यांसमोर ठेवून कोरलं. बाबा म्हणजे सगळ्या खोऱ्यातले नावाजलेले मुखवटेवाले. पोरींना चाकूला हात लावायची बंदी. पोरीने कोरलेला मुखवटा घालून जो नाचेल त्याचा पाय मोडतो, असं आमच्याकडे म्हणत. मी भिंतीच्या फटीतून बघून शिकले.

लेओने बिजागरी केली, साचा केला. ते त्याचंच. चेहरा माझा! कारखान्यात मात्र सांगून आला की सगळं त्याचंच. “बायकोने स्वयंपाकघरात कोरलंय म्हटलं तर साहेब हसतील गं. आणि आपलं नाव एकच ना?” त्याला बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. सदतीस वर्षं मी ते पुसते आहे. आयत्या बिळावर नागोबा!

शिंगं पोरांच्या डोळ्यांत जातील म्हणून आयांनी बोंब मारली, आणि एका हंगामात क्राम्पुस बंद झाला. म्हणून आता डब्या जमवणारे त्याच्यासाठी वेडे झालेत.

शनिवार, १५ ऑक्टोबर

गेर्लिंडे जेवायला आली. जर्दाळू भरून क्नोडेल उकडले होते. तिला सांगितलं. तिने काटा खाली ठेवला.

“आई, पप्पांना मातीत जाऊन तीन वर्षं झाली. आता त्यांच्या तोंडाला काळं फासायला निघालीस?”

मी म्हटलं, काळं नाही फासत, खरं सांगते. तर म्हणे — “खरं! एवढी वर्षं कुठे होतं तुझं खरं? मी शाळेत पोरांना सांगते, माझ्या वडिलांनी क्राम्पुसची डबी केली. राहू दे ना त्यांना एवढं.” क्नोडेल तसेच टाकून गेली. सहा होते. मी सगळे खाल्ले. रडत खाल्ले, पण खाल्ले.

सोमवार, १७ ऑक्टोबर

मॅजिस्टरकडे पुन्हा. “पुरावा, इंजिनियरीणबाई, पुरावा! कारखान्याच्या कागदांत तुमच्या यजमानांचं नाव आहे.” असणारच! कागद पुरुषांनीच लिहिले.

गुरुवार, २० ऑक्टोबर

थोरल्या बहिणीला, झेंझीला फोन केला. बाबांचा मुखवटा हवा. तो डबीवरच्या डोक्याशेजारी ठेवला की आंधळ्यालाही दिसेल, हा चेहरा माझ्या माहेरच्या, लोइट्सलांच्या घरातला आहे, श्वाइगरांच्या नाही.

झेंझी माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न नाही केलं. बाबांचं शेवटपर्यंत तिनेच पाहिलं, अजूनही वर डोंगरात चार गायी घेऊन एकटी राहते. फोनवर बोलायचं म्हणजे तिला दात काढून घेतल्यासारखं वाटतं.

“दारावरचा? कशाला हवाय?”

मी समजावलं — प्रदर्शन, डबी, लेओ, कार्ड. मग ती म्हणाली, “बसवाल्याकडे देते. पोत्यात गुंडाळून.” आणि फोन ठेवला. बिचारी. दूध आणि शेण, यापलीकडे तिला काय ठाऊक!

बुधवार, २६ ऑक्टोबर

राष्ट्रीय दिनाची सुट्टी, गावभर झेंडे. आणि माझ्या दारात एक अमेरिकन! एवढ्या थंडीत अर्धी चड्डी. नाव डेलमर. ओहायोहून आलाय फक्त डब्यांसाठी. त्याच्याकडे घरी हजारो आहेत म्हणे, त्यांना वेगळी खोली आहे. बायकोला आहे का वेगळी खोली, विचारलं. त्याला कळलं नाही, किंवा कळूनही कळलं नाही.

कोणाच्या तरी तोंडून ऐकलं म्हणे की माझ्याकडे एक क्राम्पुस आहे. आहेच. मी शिवणाच्या डब्यातून काढला. त्याने हात चड्डीला पुसले आणि मग डबी घेतली. पण डबीच्या तळाला मेणात खोचलेल्या माझ्या टाचण्या आणि मेणानेच जोडलेलं एक शिंग बघून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. या जमवणाऱ्यांत डबी उघडत नाहीत, गोळी भरत नाहीत, कागदातून काढतसुद्धा नाहीत. मी उठले, कपाटातून गोळ्या आणल्या, क्राम्पुसमध्ये भरल्या, मान पाडली आणि त्याच्यासमोर एक खाल्ली. दुसरी त्याला दिली. बाबा रे, ही खायची वस्तू आहे!

त्याने घेतली. तोंडात ठेवून बसला, चावली नाही. मग मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, “तू बनवलं? हे डोकं? तू?” सदतीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला. आणि तो सुद्धा अर्ध्या चड्डीतला परका माणूस.

विकणार का, विचारत होता. नाही म्हटलं. टाचण्या कुठे ठेवू मी?

मंगळवार, १ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. लेओच्या थडग्यावर मेणबत्ती लावली. गेर्लिंडे आधीच येऊन गेली होती, तिची शेवंती होती. मी येईपर्यंत थांबली नाही.

दगडावर ‘इंजिनियर’ लेओच्या नावाआधी. खाली माझ्यासाठी मोकळी जागा. तिथे काय कोरणार आहेत? इंजिनियरीणबाई? इथे बायकोला नवऱ्याची पदवी लग्नाच्या अंगठीबरोबरच मिळते. खाटकाकडेसुद्धा — “इंजिनियरीणबाईंना पाव किलो लिव्हरकेज!” मला आवडायचं ते. खरंच आवडायचं. लिहिताना लाज वाटते, पण आवडायचं.

लेओला म्हटलं, तू वाईट नव्हतास. माझे पाय गारठले की स्वतःच्या पोटाशी धरायचास. पण डोकं माझं आहे आणि मी ते घेणार. मेणबत्ती विझली नाही, तेव्हा तुझी हरकत नाही असं मी धरते.

शनिवार, ५ नोव्हेंबर

मुखवटा आला. पोतं उघडलं आणि बघतच राहिले. बाबांसारखा हात पुन्हा होणार नाही.

तो काखेत मारून थेट मॅजिस्टरकडे. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. “साम्य आहे. पण तुमच्या यजमानांनीही सासऱ्यांचा मुखवटा पाहिलेला असणार, नाही का?”

मी म्हटलं, बुधवारी तुमची समिती बसते ना? मला एक टेबल द्या, एक खुर्ची द्या. नाशपतीचं लाकूड आणि चाकू मी आणते. माझ्या यजमानांना बोलवा, तेही कोरू देत. बघू कोणाचं चांगलं होतं!

बुधवार, ९ नोव्हेंबर

कोरलं!!

समितीचे तीन पुरुष, मॅजिस्टर, कॅमेरा गळ्यात घातलेला डेलमर. मी ॲप्रन बांधून बसले. पहिला अर्धा तास हात ऐकेनात. अडुसष्ट वर्षांची बोटं, सांधे सुजलेले. एक जण घड्याळ बघायला लागला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि त्या रागातच हात सुटला. कपाळ, भुवया, नाकाचा वाक, गालाचं हाड. तीन तास. कोणी उठलं नाही. कॉफी गार झाली सगळ्यांची.

कोरलेलं डोकं डबीशेजारी ठेवलं. मॅजिस्टर म्हणाले, “बाई.” फक्त बाई. इंजिनियरीण गळून पडली!

आणि दाराशी गेर्लिंडे उभी होती. कधी आली कळलं नाही. खाली वाकून तिने लाकडाच्या ढलप्या गोळा केल्या. म्हणाली, “टेबलाखाली बसून मी यांची घरं करायचे. तुझ्या पायांत.” चार वर्षांची होती तेव्हा. “मला माहीत होतं, आई. मग पप्पा सांगायला लागले आणि मी त्यांचंच खरं धरलं.” बोटांतून रक्त येत होतं, तिने रुमाल बांधला.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

कार्ड छापून आलं. ‘शिल्पकार : इंजिनियरीणबाई श्वाइगर.’

हसू का रडू! एवढं रामायण झालं आणि माझं नाव कुठाय? मॅजिस्टर खरोखर बुचकळ्यात — “पण बाई, आदराने लिहिलंय!” मी त्यांच्याच पेनाने खोडलं. लिहून दिलं, छापखान्यात असंच द्या म्हटलं : नोटबुर्गा श्वाइगर, माहेरची लोइट्सल. आणि मुखवट्याखाली वेगळं कार्ड हवं, मोठ्या अक्षरात — रुपर्ट लोइट्सल, मुखवटे कोरणारे. मॅजिस्टरनी विचारलं, मुखवट्याचा काही कागद? मी म्हटलं, लोइट्सलांच्या लेकीचा शब्द आहे. याहून मोठा कागद नाही. त्यांनी मुकाट्याने लिहून घेतलं. आता घाबरतात मला.

सोमवार, २८ नोव्हेंबर

खाटकाकडे म्हणाले, “इंजिनियरीणबाई, काय देऊ?” मी म्हटलं, नोटबुर्गाबाई म्हणा, नाहीतर मी समोरच्या दुकानात जाते. त्याने लिव्हरकेज जरा जास्तच कापलं.

शनिवार, ३ डिसेंबर

उद्घाटन. सगळा गाव. डेलमर पुन्हा आला, या खेपेला लांब विजारीत. त्याने आपला कागदातला क्राम्पुस आणला होता आणि त्यावर माझी सही मागितली. मी केली, पूर्ण नावाने. गेर्लिंडेने शाळेतली पोरं आणली होती आणि त्यांना मोठ्याने सांगितलं, हे माझ्या आईने केलंय. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं, पण मेयर हात मिळवायला आले, मग राहिलं.

झेंझी बसने आली! डोंगर उतरून, बाबांचा जुना लोकरी कोट घालून. थेट मुखवट्यासमोर उभी राहिली ती राहिलीच. मला वाटलं, एवढी माणसं, एवढे दिवे, भांबावली असेल. मग नाशपतीच्या पावाचे दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाली, “तुझं नाव लागलं. बरं झालं.” माझ्याकडेच राहते आहे. तिला घेऊन येताना बर्फ पडत होतं.

रविवार, ४ डिसेंबर

सकाळी चर्च. दुपारी दोघी झोपलो. सुख, सुख, सुख.

सोमवार, ५ डिसेंबर

आज सकाळी कॉफी पिताना झेंझी सहज म्हणाली, “त्या मुखवट्याच्या डाव्या कानामागे माझी नखं लागलीत बघ. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात गोठ्यात कोरत होते, थंडीने बोटं वळेनात, मग नखाने घासलं. कोणाचा पाय मोडायला नको म्हणून बाबा म्हणाले, मी केला असंच सांगू.”

माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? “बाबांबद्दल असं बोलू नकोस, झेंझी!”

ती म्हणाली, “बरं.” आणि कप विसळायला उठली.

कोट चढवलाय. बूट घातलेत. झेंझी येत नाही म्हणते, तिला संग्रहालयात ओढत नेणार. मुखवट्याखालचं ते कार्ड मीच लिहून दिलं होतं, मोठ्या अक्षरात. मीच खोडणार.