पत्र्याची मागची कड

अव्वा, फार उशिरा लिहितोय, रागावू नको. तुला वाचता येत नव्हतं आणि माझी शाळा चौथीनंतर उर्दूत गेली म्हणून मी सोडली. आई तशी, लेक असा, पत्र कुठून येणार, असं म्हणत इतकी वर्षं गेली. आज सुनेनं स्वयंपाकाच्या ओट्यावर स्टीलचा पत्रा बसवून घेतला. मिस्त्री गेल्यापासून मी त्याच्या कडेवरून बोट फिरवतोय. "अप्पा, किती वेळा बघताव? धार न्हाय त्याला," ती म्हणाली.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. उमरग्यात घासलेटचा रिकामा डबासुद्धा कुणी सोडत नसे. माझं नवं लग्न झालेलं. चुलीजवळचा मातीचा ओटा उंदरं पोखरायची आणि तू रोज बुजवायचीस. मी दोन डबे मिळवले, उभे चिरले, ठोकून सपाट केले, ओट्यावर फळ्या टाकून त्यांवर खिळ्यांनी बसवले. पुढची कड पकडीनं दुमडून आत घेतली. मागं, भिंतीकडं, पक्कड नीट पोचेना. तिथं कोण हात घालतंय, म्हणून ती तशीच सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर तू पत्र्यावर शेणानं सारवतेस.

"अव्वा, पत्रा हाय त्यो! गंजंल की."

"गंजू दे. सारवल्याबिगर चूल पेटवू व्हय? तुझा पत्रा काय देवाघरनं आलाय?"

बायको पदराआड हसली. मी बाहेर जाऊन बसलो. चौथ्या दिवशी सारवताना तुझा हात मागच्या कडेवर गेला. उजव्या हाताची दोन बोटं आतून चिरली. हळद दाबून तू वडिलांना सांगितलंस, "विळी लागली." वडिलांनी तिथल्या तिथं विळी उचलली आणि दगडावर घासून बोथट केली. पुढं वर्षभर तू त्याच विळीवर भाजी चिरत होतीस. ते ताटावर बसून म्हणायचे, "ही भेंडी चिरली का कुटली?" तू म्हणायचीस, "दात कुठं ऱ्हायलेत तुमाला? बरंच झालं की."

जखम भरली, पण बोटं वळेनात. भाकरी एका बाजूला जाड येऊ लागली. शेजारणी विचारायच्या, तू वय झालं म्हणायचीस. चाळिशीही उलटली नव्हती तुझी. नव्या सुनेपुढं तू माझी लाज राखलीस, असं मी आजवर धरून चाललो. माझ्या हातून चूक झाली, तू झाकलीस, एवढंच.

पण ते तेवढंच नव्हतं. मागची कड उघडी आहे हे तुला सांगायचं माझ्या ध्यानात होतं. तू सारवत होतीस तेव्हाही होतं. माझ्या कामावर शेण फासलंस म्हणून मी फुगून बसलो आणि बोललो नाही. चार दिवस बोललो नाही. तू गेलीस तिथं हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते गादीखालीच राहील. मी जाणूनबुजून सांगितलं नाही, हे तुला तेव्हा कळलं होतं का, तेवढं कुणाच्या तरी तोंडी सांगून पाठव. लवकर पाठव.